पावणेपाच तासांची विश्रांती

समुद्राच्या तळाशी एकदा जाऊन आल्याने तक्तेरावांना एकंदर चार गोष्टी मिळणार होत्या. पहिली, हातांची खुर्ची. डेपोत साध्या कारकुनाला बिनहातांची खुर्ची असते आणि 'मुख्य वेळापत्रक अधिकारी' झालं की हातांची मिळते. सव्वीस वर्षं कोपर टेकायला जागा न मिळालेल्या माणसालाच यातलं सुख कळेल. दुसरी, स्वतःचा पंखा. आजवरचा पंखा टपालशाखेशी सामाईक होता आणि त्याचा ओढा कायम टपालाकडे. तिसरी, दारावर पाटी. चौथी म्हणजे अकरा महिन्यांनी निवृत्त होताना वरच्या पदाच्या हिशोबाने पेन्शन. चारही गोष्टी साहेबांच्या एका शिफारशीत होत्या. साहेबांना समुद्राच्या तळाशी जायचं होतं, म्हणून तक्तेरावांनाही जायचं होतं.

तोट्याच्या बाजूला त्यांनी एकच नोंद केली होती : 'पाण्याची थोडीशी भीती.'

तक्तेराव हे अर्थात जन्माचं नाव नव्हे. शहर बससेवेच्या डेपोत ते ड्रायव्हरांच्या ड्यूट्यांचा तक्ता करत. कुणी किती वाजता कुठली गाडी काढायची, कितीला परत आणायची, आणि दोन ड्यूट्यांच्या मधे किती विश्रांती. नियम असा की विश्रांती आठ तासांची हवी. ड्रायव्हर कायम कमी, गाड्या कायम जास्त, त्यामुळे प्रत्यक्षात मिळायची पाचच तासांची. मधले तीन तास तक्तेराव भरून काढत. पेनाने. यात आपण काही वावगं करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की त्या अक्षरातले आठ तास खोटे आहेत असं म्हणणं म्हणजे जरा असभ्यपणाच झाला असता.

समुद्राचं खूळ आलं ते मुख्य कार्यालयाच्या जिन्यातून. तिथे दुसऱ्या एका डेपोच्या प्रमुखाचा फोटो लागला होता. बर्फाच्या डोंगरावर उभा, हातात झेंडा. आमच्या साहेबांना तो फोटो येता-जाता डोळ्यांत सलायचा. पण साहेबांचं वजन, साहेबांचे गुडघे आणि डोंगर या तिघांचं जमण्यासारखं नव्हतं.

"तक्तेराव," साहेब म्हणाले, "डोंगर चढावा लागतो. समुद्रात माणूस आपोआप खाली जातो. काय?"

या 'काय?'ला उत्तर नसतं. कर्मचारी क्रीडा निधीत 'साहसी उपक्रम' या सदराखाली पैसे पडून होते आणि वर्षअखेरीला ते परत जाणार होते. नियमाप्रमाणे किमान तीन माणसं हवी होती. साहेब एक, तक्तेराव दोन. तिसरा टायर-स्टोअरचा स्टोअरकीपर. हा गृहस्थ कधी कशाला नाही म्हणत नसे आणि कधी काही करतही नसे. त्यामुळे तो सगळ्यांना हवाहवासा होता.

अर्ज तीनदा परत आला. एकदा 'प्रवासाचे ठिकाण : समुद्र' हे मोघम आहे म्हणून. एकदा 'समुद्राखाली अठरा मीटर' असं नेमकं लिहिल्यावर, 'उभ्या दिशेचा प्रवास भत्त्यासाठी किलोमीटरमध्ये कसा धरावा, खुलासा करावा' म्हणून. तिसऱ्यांदा आला तो विमा कंपनीच्या एका अटीला चिकटून : 'शेवटची बुडी आणि परतीचा विमानप्रवास यांत किमान चोवीस तासांचे अंतर असावे व तशी नोंद सादर करावी.' तक्तेरावांनी अट हिरव्या शाईने अधोरेखित केली. अटी अधोरेखित करायला त्यांना मनापासून आवडायचं.

घरी बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्हाला पोहता येतं?"

"पोहायचं नाहीये. खाली बुडायचंय."

"मग येतंय की." तिने देठ टाकले. "अहो, सव्वीस वर्षं तुम्ही बसचा तक्ता करताय. आजतागायत आपल्या कोपऱ्यावर एक बस वेळेवर आली का? आणि आता जीव त्याच तक्त्यावर टाकणार?"

वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर सल्ला द्यायला स्वतः खाली उतरले. सल्ला द्यायचा असला की त्यांचे गुडघे दुखत नसत.

"खोल पाण्यात डोळे बाहेर येतात हो. माझ्या चुलतभावाचा मेहुणा असाच निघाला होता."

"आले त्याचे डोळे बाहेर?"

"छे! ऐनवेळी गेलाच नाही तो. म्हणून तर शाबूत आहेत."

असे शुभाशीर्वाद घेऊन तिघे निघाले. विमानाने दोन-अडीच तास, पुढे बंदर, बंदराशेजारी पत्र्याच्या छपराचं डायव्हिंग केंद्र. तिथे शिकवायला एक बाई होत्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा. पहिला दिवस त्यांनी तलावात घालवला. तलावाला पाहूनच स्टोअरकीपर दोन पावलं मागे सरला. त्याने तिथल्या तिथे आपण होडीतूनच संघाचं मनोबल वाढवू असं जाहीर केलं. साहेबांना पाण्याचा काही त्रास नव्हता. त्रास झाला तो पाण्याला.

संध्याकाळी बाईंनी तिघांना बाकावर बसवलं आणि सोड्याची बाटली हातात घेतली.

"टाकीत असते ती साधीच हवा. हवेत नायट्रोजन असतो. तुम्ही खाली जाता, दाब वाढतो, तसा हा नायट्रोजन रक्तात, सांध्यांत मुरत जातो. वर हळू आलात, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलात, वर येऊन नीट विश्रांती घेतलीत, की आला तसा मुकाट निघून जातो. घाई केलीत तर..."

त्यांनी बाटली हलवून बूच काढलं. फेस स्टोअरकीपरच्या शर्टावर उडाला.

"...तर हे तुमच्या खांद्यात होतं. नाहीतर पाठीच्या कण्यात. याला बेंड्स म्हणतात. माणूस कायमचा अधू होतो, कधी जातोही."

"उरलेला सोडा टाकू नका," साहेब म्हणाले.

"आणि विमान?" तक्तेरावांनी विचारलं. अट त्यांना पाठ होती.

"छान प्रश्न काका. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षाही कमी. म्हणजे तुम्ही वर आलात ते आणखी वर आलात. शेवटच्या बुडीनंतर कमीत कमी अठरा तास विमान नाही. मी चोवीस धरते."

मग बाईंनी बुड्यांचा छापील तक्ता पुढे ठेवला आणि तक्तेरावांचा चेहरा असा उजळला की स्टोअरकीपरने मागे वळून दिवा कुणी लावला ते पाहिलं. हा तर त्यांचाच तक्ता होता! गाडीच्या जागी खोली, ड्यूटीच्या जागी मिनिटं, आणि मधे तोच जुना ओळखीचा रकाना : विश्रांती. इतक्या मीटरवर इतकी मिनिटं राहिलात तर शरीरावर इतकी बाकी चढली. मधे इतकी विश्रांती घेतलीत तर इतकी उतरली. उरलेली बाकी धरून दुसरी बुडी तितकी छोटी. जास्त खोल असेल ती आधी, उथळ नंतर. इतरांना जे समजायला दोन दिवस लागत ते तक्तेरावांना चहा निवायच्या आत समजलं.

साहेबांनाही त्यांच्या पद्धतीने समजलं. "बाई, हा स्टोअरकीपर तर होडीतच बसणार. त्याची विश्रांती शिल्लक पडणार. ती माझ्या नावावर टाकता येईल?"

बाई खळखळून हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. तक्तेराव हसले नाहीत. साहेबांनी डेपोत असं दोनदा केलेलं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी तक्तेरावांनी रकाने आखून चार दिवसांचा बेत केला. दुसऱ्या दिवशी दोन बुड्या, तिसऱ्या दिवशी सकाळी एक, चौथा दिवस कोरडा, पाच वाजून दहा मिनिटांनी विमान. प्रत्येक विश्रांतीत त्यांनी अर्धा तास पदरचा घातला. लिहिता लिहिता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि पेन जरासं थबकलं : विश्रांतीच्या रकान्यात खरी विश्रांती आपण आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहोत.

बाईंनी तो कागद घेतला, दोनदा वाचला आणि केंद्राच्या भिंतीवर चिकटवला. "काका, सोळा वर्षं शिकवतेय मी. इतका चोख बेत कुणी केला नव्हता. हा इथेच राहू दे."

सव्वीस वर्षांत तक्तेरावांच्या तक्त्याला आलेला हा पहिला चांगला शब्द. डेपोत तक्ता लागला की ड्रायव्हर जे शब्द वापरत ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. टॉवेल राहिला या सबबीवर तक्तेराव त्या भिंतीशी दोनदा जाऊन आले. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता.

दोन दिवस बेताप्रमाणे पार पडले. पाण्याची भीतीही बरीच ओसरली, कारण बुडीत तक्तेराव मासे बघत नसत. ते घड्याळ बघत. अडचण झाली ती फोटोची. साहेबांना फोटो हवा होता तो कासवासोबत. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्या फोटोत नुसते बुडबुडे होते. दुसऱ्यात साहेबांचे पाय. तिसऱ्यात कासव अगदी स्पष्ट आलं होतं, साहेबही स्पष्ट आले होते, पण पाठमोरे आणि वाकलेले. हा फोटो मुख्य कार्यालयाच्या जिन्यात लावता येण्यासारखा नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब बेत लावलेल्या भिंतीसमोर उभे राहिले. "बाई, आज एक छोटीशी बुडी."

"आज नाही. पाचला विमान आहे ना तुमचं? काकांनीच लिहिलंय बघा. आज कोरडा दिवस."

"विमान उद्यावर ढकलता येईल साहेब," तक्तेराव हळूच म्हणाले. हे वाक्य बोलायला त्यांना जे धैर्य लागलं ते अठरा मीटर खाली जायलाही लागलं नव्हतं.

साहेबांनी त्यांना बाहेर नेलं. खांद्यावर हात ठेवला. उजव्या खांद्यावर; पुढे हे महत्त्वाचं आहे. "उद्या दहाला मुख्य कार्यालयात बैठक आहे, तक्तेराव. तुमची फाईल मी त्याच बैठकीत ठेवणार आहे. उद्या मी तिथे नसलो तर फाईल कोण ठेवणार?" मग ते म्हणाले, "डेपोत कसं आपण सांभाळून घेतो. तसंच. काय?"

धक्क्याच्या पार टोकाला एक ठेकेदार होता. त्याच्याकडे होडी होती, टाक्या होत्या, कॅमेरावाला होता, आणि गळ्यातल्या दोरीला शिक्का होता. फॉर्मवर एकच प्रश्न : 'पुढील चोवीस तासांत विमानप्रवास आहे का?' तक्तेरावांनी त्यांच्या देखण्या अक्षरात 'नाही' लिहिलं.

"नोंदवहीत तारीख कुठली टाकताय?" ठेकेदाराने विचारलं. असल्या प्रश्नांची त्याला सवय दिसली.

"कालची. दुपारी एक."

"काल तर आमची होडी दुरुस्तीला होती."

"कागदावर?"

ठेकेदाराने क्षणभर त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि त्यांनी लिहून सही केलेल्या नोंदीवर शिक्का मारला. काल दुपारी एक ते आज पाच दहा, म्हणजे अठ्ठावीस तास दहा मिनिटं. अट पुरी होऊन वर चार तास दहा मिनिटं शिल्लक. कागदावर इतकी सुरक्षित बुडी त्या बंदरात कुणी मारली नसेल.

पाण्यातली कथा निराळी झाली. साहेब सहा मीटरवर नांगराचा दोर धरून लटकले, गर्दीच्या बसमधे दांडी धरून उभे राहतात तसे. कासव येईना. कासवाला कुणाची बढती रखडली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. वाट पाहता पाहता साहेबांच्या हातातला टॉर्च निसटला. तक्तेराव बावीस मीटर खाली गेले, तो घेऊन वर आले. मग साहेबांच्या एका पायातलं रबरी वल्हं सुटलं. तक्तेराव पुन्हा खाली, पुन्हा वर. मग माणूस खाली राहावा म्हणून कमरेला बांधतात तो शिशाचा पट्टा सुटला. तक्तेराव तिसऱ्यांदा खाली. एकाच बुडीत असं खाली-वर करू नये, ही टीप त्या छापील तक्त्याच्या तळाशी होती. तीही त्यांनी हिरव्या शाईने अधोरेखित केली होती.

तिसऱ्यांदा ते दोराशी पोचले तोवर पट्टा नसलेले साहेब फुग्यासारखे वर निघाले होते. त्यांनी घाबरून जे हाताला लागेल ते धरलं. हाताला तक्तेराव लागले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं. त्या पाच मीटरच्या खुणेवरून दोघे असे गेले, जशी भरलेली बस थांब्यावरून जाते. आणि नेमकं त्याच क्षणी कासव आलं. कॅमेरावाल्याने टिपलं : साहेब, कासव, आणि कडेला कुणाचातरी एक हात.

पाण्याबाहेर आले तेव्हा बारा पंचवीस झाले होते. विमानाची चाकं जमिनीवरून सुटली पाच दहाला. तक्तेरावांनी सवयीने वजाबाकी केली. पावणेपाच तास. त्यांनी स्वतःची समजूत घातली : डेपोत एवढ्या विश्रांतीवर ड्रायव्हर साठ माणसं घेऊन निघतो. आपल्याला तर नुसतं बसायचंय.

चहा वाटायला सुरुवात झाली आणि उजव्या खांद्यात काहीतरी खुपलं. आधी काटा, मग खिळा, मग कुणीतरी आत बसून स्क्रू पिळतंय असं. कप तोंडापर्यंत जाईना. बाजूला साहेब तोंड उघडं टाकून घोरत होते. बेंड्स ज्याला व्हायला हवा असं सगळं शास्त्र सांगत होतं, वय, वजन, दम, तो माणूस तान्ह्या बाळासारखा झोपला होता. पण ते सहाच मीटरवर होते. खाली-वर करायला त्यांनी माणूस नेला होता.

"बॅग उचलताना लचकला असेल," उतरल्यावर साहेब म्हणाले.

"साहेब, बाई म्हणाल्या होत्या ना, तसं काही..."

"तक्तेराव." साहेबांनी आवाज खाली आणला. "नोंदीप्रमाणे अठ्ठावीस तास झालेत. मग तसं कसं असेल? विचार करून बोला. सही तुमची आहे."

डेपोची गाडी घ्यायला आली होती. चालवायला सात नंबरचा ड्रायव्हर. त्याला सगळे बिल्ल्याच्या नंबरानेच हाक मारत. आधी साहेबांना घरी सोडलं, मग स्टोअरकीपरला. शेवटी एकटे तक्तेराव उरले. सिग्नलला गाडी थांबली आणि हिरवा दिवा लागला तरी निघेना. तक्तेरावांनी वाकून पाहिलं. सात नंबरची हनुवटी छातीला टेकली होती.

"अरे! अरे सात नंबर!"

तो दचकून जागा झाला. गिअर टाकला. "पहाटे चारपासून आहे काका."

"अरे मग झोप आली तर सांगायचं की! जीव घेशील कुणाचा."

"झोप कशी येईल?" आरशातून त्याने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या तक्त्यात माझी आठ तास झोप झालीये."

तो हसतही नव्हता आणि चिडलेलाही नव्हता. तक्तेरावांनी खांदा दाबून धरला आणि घर येईपर्यंत बाहेरची दुकानं मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोचे डॉक्टर. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी तेच देत. त्यांनी नोंदवही उघडली. "वा, काय अक्षर आहे! शेवटची बुडी आणि विमान यांत... अठ्ठावीस तास दहा मिनिटं. मग हे ते नव्हे. स्नायू आखडलाय. मलम लावा."

इथे तक्तेरावांना तोंड उघडायची संधी होती. समोर डॉक्टर, दार बंद, तिसरं कुणी नाही. एक वाक्य. पण त्या वाक्याच्या मागून खोटी नोंद, खोटी सही, चौकशी, निधीची वसुली आणि बिनहातांची खुर्ची, अशी सगळी रांग उभी होती. शिवाय आत्ता, याच तासाला, मुख्य कार्यालयात साहेब त्यांची फाईल ठेवत होते. ते मलम घेऊन घरी आले.

कंपाउंडर उतरलेच. "गरम पाण्याने शेका." दुसऱ्या दिवशी, "गार पाण्याने शेका." तिसऱ्या दिवशी, "मी म्हटलं होतं डोळे. थोडक्यात खांद्यावर निभावलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी बोटांना मुंग्या आल्या आणि पेन हातातून गळून पडलं. बायकोने ते उचललं. थट्टेचा एक शब्द तिच्या तोंडून आला नाही, आणि तक्तेरावांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"त्या बाईंना फोन लावते," ती म्हणाली. "आणि अहो, जे झालं ते सांगा. तक्ता सांगू नका."

बाईंनी फोन उचलला. "किती तास, काका?"

"अठ्ठा..." तक्तेराव थांबले. बायको बघत होती. "पावणेपाच."

मग बाई इतकंच म्हणाल्या, "तुमचा बेत अजून भिंतीवर आहे हो." आणि लगेच घंटेच्या आवाजात, "आत्ताच्या आत्ता निघा! ऑक्सिजन लावायला सांगा, मोठ्या रुग्णालयात दाबाची खोली असेल तिथे जा. चिठ्ठीची वाट बघू नका."

दाबाची खोली म्हणजे लोखंडी टाकीच, आत बाक, बाहेर घड्याळ. माणसाला आत बसवून दाब वाढवतात, पुन्हा अठरा मीटर खाली नेल्यासारखं करतात, तोंडावर ऑक्सिजन लावतात आणि मग कणाकणाने वर आणतात. समुद्र नाही, कासव नाही, नुसता हिशोब. बाहेरच्या तंत्रज्ञासमोर एक छापील तक्ता होता आणि तो मिनिटामिनिटाला त्यावर खूण करत होता. जाड काचेतून तक्तेराव तेवढंच बघत बसले. चहाला बोलावलं तर तो उठला नाही. कुणीतरी येऊन 'लवकर आटपा, पुढचा पेशंट आहे' म्हणालं, तर त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं.

सगळ्याला मिळून किती वेळ लागला ते त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"पहिल्या खेपेला चार तास पंचेचाळीस मिनिटं," तंत्रज्ञ म्हणाला. "का? कमी करता येत नाही ते."

"नाही, नाही," तक्तेराव म्हणाले. "बरोबर आहे."

मुंग्या गेल्या. बोटं परत आली. खांदा अर्धाच आला. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी हात वर करायला सांगितला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि थांबला. "त्याच दिवशी आला असतात तर पूर्ण वर गेला असता," त्या म्हणाल्या. "तीन दिवस काय करत होतात?"

"विश्रांती," तक्तेराव म्हणाले.

पुढची कागदपत्रं त्यांच्या ओळखीच्या भाषेत आली. विमा कंपनीने कळवलं : 'सादर केलेल्या नोंदीनुसार विहित विश्रांती पूर्ण झालेली असल्याने सदर आजार बुडीशी संबंधित मानता येत नाही.' सोबत पुरावा म्हणून त्यांच्याच अक्षराची प्रत. चांगली आली होती. मुख्य वेळापत्रक अधिकाऱ्याच्या पदासाठी 'वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त' माणूस हवा होता. साहेबांना सोडलं तर उपक्रमात असा एकच होता, जो पाण्यात उतरलाच नव्हता.

"चौकशी व्हायची होती तुमची," साहेब म्हणाले. "मी सांभाळून घेतलं."

तक्तेरावांनी त्यानंतर एकच बंड केलं. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात विश्रांतीच्या रकान्यात त्यांनी खरे आकडे लिहिले. पाच, पाच, साडेचार, पाच. अक्षर थोडं वाकडं झालं होतं, पण वाचता येत होतं. तक्ता 'दुरुस्त करून सादर करावा' असा शेरा घेऊन परत आला. त्यांनी तो दुरुस्त केला नाही. स्टोअरकीपरने हातांच्या खुर्चीत कोपर टेकून पाच मिनिटांत दुरुस्त केला. आयुष्यात त्याने केलेलं ते पहिलं काम.

एवढ्या उपद्व्यापात कुणाचं काय गेलं ते बघावं, तर साहेबांचं काहीच गेलं नाही. त्यांचा फोटो जिन्यात लागला, कडेचा हात कापून. स्टोअरकीपरचा एक शर्ट सोड्याने डागळला, डाग धुतल्यावर निघाला. विमा कंपनीचं, ठेकेदाराचं, समुद्राचं आणि कासवाचं काही गेलं नाही. तक्तेरावांचा उजवा खांदा गेला, आणि डेपोच्या भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर वरच्या तीन ओळींपर्यंत आता त्यांचा हात पोचत नाही. त्या ओळी लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांच्या. तिथे स्टोअरकीपर स्टुलावर चढून आठ लिहितो.

त्यातल्या दुसऱ्या ओळीत सात नंबर आहे. तो अजून भरतोच आहे. रोज झोपेचे तीन तास.